एक खेळ आणि तीन प्रणाली

संगणकावरील खेळ रचणाऱ्या लहान मंडळींपुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहतो. आपला खेळ कोणत्या संगणकांवर चालावा? संगणकाचा अंतर्गत कारभार जी आज्ञावली पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मेजावरच्या संगणकांत विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तीन प्रमुख होत. एकीसाठी बांधलेला खेळ दुसरीवर आपोआप चालत नाही.

पुण्याचे उदाहरण पाहावे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ रचला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेली मुलगी ही त्याची नायिका. ऑगस्ट 2020 मध्ये तो निन्टेन्डो स्विच या खेळयंत्रावर प्रसिद्ध झाला व ऑक्टोबरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि विंडोजवर आला. मॅक व लिनक्स यांसाठी स्वतंत्र आवृत्ती तेव्हा निघाली नाही. वस्तुतः ज्या अन्रियल इंजिनाच्या साहाय्याने तो रचला गेला, ते या दोन्ही प्रणालींसाठीही खेळ बांधून देऊ शकते. मग असा संकोच का होतो?

याचे सर्वसाधारण उत्तर असे, की आवृत्ती बांधणे सोपे, पण ती सांभाळणे कठीण. ॲपलने 2018 मध्ये ओपनजीएल ही चित्रांकनाची जुनी पद्धत कालबाह्य ठरविली. 2019 मध्ये 32 बिटांच्या आज्ञावली चालविणे बंद केले. 2020 मध्ये प्रक्रियकच बदलला. अशा प्रत्येक वेळी विकून झालेला खेळ पुन्हा उघडून तपासावा लागतो. लिनक्सची रूपे अनेक. त्यामुळे एका घरी चालणारा खेळ दुसऱ्या घरी अडतो. उलटपक्षी, स्टीम या विक्रीकेंद्राच्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक विंडोजचे असतात. चार-पाच माणसांच्या संस्थेला हा हिशेब टाळता येत नाही.

तथापि डोकी मोजून सारे कळत नाही. 2010 मध्ये ‘हंबल इंडी बंडल’ या नावाने काही खेळ ‘इच्छेस येईल ती किंमत द्या’ या तत्त्वावर विकले गेले, तेव्हा लिनक्सच्या ग्राहकांनी सरासरीने विंडोजच्या ग्राहकांहून अधिक पैसे मोजले. उपेक्षित ग्राहक कृतज्ञ असतो, हेच त्यातून दिसले. शिवाय केरळच्या शासकीय शाळांतील संगणक लिनक्सवर चालतात; तेथील मुलांच्या दृष्टीने हा निर्णय म्हणजे दार उघडणे वा बंद होणे होय.

2018 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन ही दुभाषी आज्ञावली आणली. तिच्यामुळे विंडोजसाठी रचलेले बरेच खेळ लिनक्सवर चालू लागले. 2022 मध्ये आलेले स्टीम डेक हे हातातील यंत्र याच आधारावर उभे आहे. परंतु दुभाष्याच्या भरवशावर खेळ चालणे वेगळे आणि तो चालेल असे रचनाकाराने वचन देणे वेगळे.

म्हणून वेष्टनावर एखाद्या प्रणालीचे नाव छापणे हा करार आहे. लहान रचनाकाराने जेवढी नावे वर्षानुवर्षे सांभाळता येतील तेवढीच छापावीत. उरलेल्यांविषयी काय तपासले व काय तपासले नाही, हे स्पष्ट लिहावे. ग्राहक मर्यादा समजून घेतो. मोडलेले वचन मात्र तो विसरत नाही.