प्रतिसाद मोजावेत की तोलावेत?

(व्याख्यानाचे शब्दांकन)



समाजमाध्यमावर एखादे निवेदन टाकावे आणि तासाभरात त्याखाली दोनशे प्रतिसाद जमावेत, ही गोष्ट आता लहान गावातील मंडळांच्याही नित्याची झाली आहे. पूर्वी लोकमत जाणून घ्यायचे, तर घरोघरी जावे लागे, ओट्यावर बसावे लागे, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचावे लागत. आज लोकमत आपणहून दारी चालत आल्यासारखे वाटते. परंतु दारी आलेले हे खरोखरच लोकमत आहे काय? ते गोळा कसे करावे आणि त्याचा अर्थ कसा लावावा? सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नांचा विचार केला पाहिजे. कारण चुकीच्या वाचनावरून निर्णय घेतला गेला, तर त्याचा भार ज्यांनी एक अक्षरही लिहिलेले नसते, त्यांच्यावर पडतो.

हा प्रश्न संगणकयुगाने निर्माण केलेला नाही. 1936 मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या प्रतिष्ठित साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. सुमारे 24 लाख उत्तरे आली आणि त्यांवरून साप्ताहिकाने लँडन विजयी होणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत केले होते. 24 लाख उत्तरे खोटी नव्हती. मात्र नावे मुख्यत्वे दूरध्वनीच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती. मंदीच्या त्या काळात हा वर्ग तुलनेने सुस्थितीतील होता. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी कोणी घेतली आणि कोणी घेतली नाही, यानेही पारडे झुकले.

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. अनुभवी गृहिणी मात्र शीत उचलण्यापूर्वी भात तळापासून हलवून घेते. वरच्या थरातली मूठभर शिते तपासली, तरी तळाचा भात कच्चा आहे की करपला आहे, हे कळत नाही. समाजमाध्यमावरील प्रतिसाद हा असाच वरचा थर असतो. ज्याच्याकडे फोन आहे, वेळ आहे आणि ज्याला राग किंवा आनंद अनावर झाला आहे, तो लिहितो. मधल्या मताचा माणूस बहुधा वाचून पुढे जातो. त्याचे मौन संमतीच्या खात्यात टाकणे जितके चूक, तितकेच विरोधाच्या खात्यात टाकणेही चूक.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. डिसेंबर 2015 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, इंटरनेटवरील निरनिराळ्या सेवांसाठी निरनिराळे दर आकारू द्यावेत काय, यावर चार प्रश्न विचारून जनतेची मते मागविली. फेसबुकला तेव्हा ‘फ्री बेसिक्स’ ही निवडक संकेतस्थळे विनामूल्य देणारी योजना चालवायची होती. त्या कंपनीने आपल्या भारतीय सदस्यांपुढे तयार मजकूर ठेवला. एक कळ दाबली की तो प्राधिकरणाकडे जाई. लाखो संदेश जमले. संख्येवर निर्णय झाला असता, तर निकाल तेथेच लागला असता. परंतु या संदेशांत एका योजनेला पाठिंबा आहे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नाहीत, असे प्राधिकरणाने कंपनीला स्पष्टपणे कळविले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारा नियम जाहीर झाला. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो; प्रतिसाद मोजणे आणि प्रतिसाद तोलणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्याने दाखवून दिले.

तोलण्याआधी पारखणेही आवश्यक असते. याच विषयावर अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाकडे 2017 मध्ये 2 कोटी 20 लाखांहून अधिक अभिप्राय आले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालानुसार, त्यांपैकी जवळजवळ 1 कोटी 80 लाख बनावट होते. 85 लाखांहून अधिक अभिप्राय इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या पैशातून उभे केले गेले होते. विरुद्ध बाजूने 19 वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एकट्याने 77 लाखांहून अधिक अभिप्राय खोट्या नावांनी धाडले होते. लबाडी कोणत्याही एका पक्षाची मिरास नसते, हा यातील बोध. म्हणूनच आपल्याला अनुकूल असलेला प्रतिसादही तितक्याच कठोरपणे तपासला पाहिजे.

तिसरी अडचण भाषेची आहे. संगणकाकडून वाक्याचा भाव ओळखून घेण्याचे प्रयत्न मराठीतही झाले आहेत. पुण्यातील ‘एल थ्री क्यूब’ या संशोधक गटाने 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्वीट अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशा तीन गटांत लावून संशोधनासाठी खुले केले. हे काम मोलाचे आहे. तरीही ‘वा! काय सुंदर रस्ता केलाय!’ या वाक्यातील कौतुक खरे की उपरोधिक, हे ओळखायला तो रस्ता पाहिलेला असावा लागतो. त्यात कोणी मराठी रोमन लिपीत लिहितो, कोणी हिंदीची सरमिसळ करतो, तर कोणी केवळ हात जोडल्याची खूण टाकतो. ती खूण आभाराची, विनवणीची की ‘पुरे करा’ या अर्थाची? यंत्र वर्गीकरणाला साहाय्य करील. अर्थाची जबाबदारी माणसाचीच राहील.

मग कार्यकर्त्याने करावे काय? समजा, एका वस्तीत नळाला पाणी येण्याची वेळ पहाटेऐवजी सायंकाळी करावी काय, असा प्रश्न समाजमाध्यमावर विचारला आणि 200 प्रतिसाद आले. प्रथम मूळ प्रश्न, दिनांक आणि सर्वच्या सर्व प्रतिसाद उतरवून घ्यावेत. आवडलेले तेवढे टिपणे म्हणजे संकलन नव्हे. मग निवड करावी. 70 प्रतिसाद आठ जणांच्या आपसातील वादाचे निघाले, 40 शब्दशः एकसारखे, 30 नुसत्या अंगठ्याच्या खुणा. हे फेकून न देता वेगळे नोंदवावेत. उरले साठ जणांचे साठ प्रतिसाद. ते दोघांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे वर्गवारीत लावावेत आणि मग ताडून पाहावेत. जेथे दोघांचे जुळत नाही, तेथे एक तर वाक्य संदिग्ध असते, नाहीतर आपला ग्रह आड येत असतो.

समजा, साठांपैकी 45 जण बदलाच्या बाजूने आहेत आणि 15 विरोधात. येथे थांबले, तर निर्णय सोपा वाटतो. पण त्या पंधरांत एकीने लिहिले आहे की, सायंकाळी सगळीकडचे नळ एकदम सुरू झाले की गल्लीच्या टोकाच्या घरांपर्यंत दाब पोहोचत नाही. हा प्रतिसाद संख्येने एक आहे. परंतु त्यात माहिती आहे, आणि ती प्रत्यक्ष जाऊन पडताळता येते. बाकीच्या मतांत पसंती आहे, येथे कारण आहे. अशा एका प्रतिसादासाठी दोनशे वाचण्याचे कष्ट सार्थकी लागतात. त्यानंतर त्या टोकाच्या घरांत जावे. तेथील अनेकांनी तो प्रश्न वाचलेलाही नसेल. पाणी भरण्याचे काम मात्र त्यांनाच करावयाचे असते.

संकलकाची आणखी एक जबाबदारी आहे. याच ‘ट्राय’ने 2015 च्या मार्चमध्ये काढलेल्या एका चर्चापत्रावर दहा लाखांहून अधिक ई-मेल आले होते. पारदर्शकतेच्या हेतूने प्राधिकरणाने ते एप्रिलमध्ये प्रसिद्ध केले, पण पाठविणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसह! विश्वासाने मत कळविणाऱ्या नागरिकाचा पत्ता जाहिरातबाजांच्या आणि भामट्यांच्या हाती पडण्याची वाट मोकळी झाली. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि 2023 मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे, हे खरे. तथापि कायद्याने मुभा दिली म्हणजे विवेकाची सुटी झाली, असे नव्हे. अहवालात मत यावे, नाव येऊ नये. विरोधी लिहिणाऱ्यांची यादी करणे हे लोकमताचे विश्लेषण नसून पाळत आहे. तशी शंका एकदा आली, की पुढच्या वेळी केवळ गोड प्रतिसाद येतात आणि गोड प्रतिसादांवर चालणारी संघटना आंधळी होते.

अलीकडे या कंपन्यांनी अभ्यासकांची दारेही आवळली आहेत. ट्विटरने 2023 मध्ये माहिती मिळविण्याची विनामूल्य सोय काढून घेतली, तर फेसबुकवरील मजकुराच्या अभ्यासाचे ‘क्राउडटँगल’ हे साधन ऑगस्ट 2024 मध्ये बंद झाले. मोठ्या संशोधनाची त्यामुळे अडचण झाली. पण वही, पेन्सिल आणि प्रामाणिकपणा एवढ्यावर चालणारे वस्तीपातळीवरील काम कोणी बंद करू शकत नाही.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक ओळ अवश्य असावी: हे मत कोणापर्यंत पोहोचून घेतले आणि कोणापर्यंत पोहोचता आले नाही. ती ओळ लिहिताना मान खाली जाईल, तर जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी कोणत्या दारावर थाप मारायची, हे तीच ओळ सांगेल.