रमजानला दारू सोडणाऱ्यासाठी



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. दारू हराम आहे हे इथं कुणाला सांगायची गरज नाही, ते आपण मकतबमध्येच शिकलोय. मला बोलायचंय ते हे माहीत असूनही पिणाऱ्याबद्दल. असे लोक आपल्या मोहल्ल्यात आहेत, आपण फक्त त्यांचा विषय काढत नाही.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. दारूतलं इथेनॉल पचावं लागत नाही. थोडं जठरातून आणि बहुतेक लहान आतड्यातून सरळ रक्तात जातं. मग यकृत कामाला लागतं. एक एन्झाइम इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, दुसरं त्याचं ॲसिटेट, आणि शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. यातला मधला पदार्थ वाईट. तो पेशीतल्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच दारूला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या रांगेत बसवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन, या सगळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. बिअर असो की महागडी वाइन, रेणू तोच.

आमच्या भाषेत सांगायचं तर यकृत हा ठरलेल्या वेगाचा एकच सर्व्हर. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम असतं, म्हणजे सहा ते साडेआठ तासांची रांग. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही ती पुढे सरकत नाही. रात्री बाराला पिऊन सकाळी बाइक काढणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आता मूळ मुद्दा. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्यावर उपाय म्हणून ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. दारू अचानक बंद झाली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर तसाच राहतो. काही तासांतच हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना नसलेली माणसं दिसू लागतात, ताप चढतो, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो.

आणि आपल्याकडे सोडायचा मुहूर्त कोणता? रमजानचा चाँद. नियत अगदी खरी असते. पण तिसऱ्या रोज्याला तो बडबडू लागला की घरचे म्हणतात, कुणीतरी काहीतरी केलंय, आणि आमिलचा पत्ता शोधतात. दम जरूर करून घ्या, पण आधी रिक्षा बोलवा. दवाखान्यात मेंदू शांत करणारी औषधं आणि थायमिन देतात, बहुतेकदा काही दिवसांत माणूस सावरतो. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, राहिलेला रोजा नंतर ठेवता येतो. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा.

कधीमधी पिणाऱ्याला हे लागू नाही, त्यानं आजच सोडावी. रोज पिणाऱ्यानं मात्र शाबानमध्येच डॉक्टर गाठावा. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६, फोन मोफत.

एक गोष्ट घरच्यांसाठी. डॉक्टर विचारतात, किती घेतोस? शेजारी अम्मी बसलेली असते. तो म्हणतो, कधीतरी. मग औषधाचा डोसही त्या 'कधीतरी'च्या हिशेबानं ठरतो. तेवढी पाच मिनिटं आपण केबिनच्या बाहेर थांबूया.