विरजण आणि भांडं

श्रोतेहो, आइस हॉकीचा विषय निघाला की माणसांची नावं पुढे येतात. इमारतीचं नाव कुणी घेत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मॉन्ट्रियलच्या ड्रमंड स्ट्रीटवर १८६२च्या नाताळच्या आदल्या दिवशी व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक उघडली. वर कमानदार छप्पर, गॅसचे दिवे आणि खाली २०४ फूट लांब, ८० फूट रुंद बर्फ. यंत्राने केलेला नव्हे, तिथल्या थंडीनेच गोठलेला. या चार भिंतींनी हॉकीला आजचा आकार दिला, असं माझं म्हणणं आहे. ते मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

३ मार्च १८७५ला इथे जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने नऊ-नऊ जणांचा सामना झाला. छपराखाली, आधी जाहीर करून, प्रेक्षकांसमोर झालेला पहिला संघटित सामना तो हाच मानतात. त्या दिवशीच्या ‘गॅझेट’मधली सूचना वाचण्यासारखी आहे: चेंडू उडून कुणाला लागेल अशी प्रेक्षकांना धास्ती होती, म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरणार. उघड्या तळ्यावर चेंडू गेला तर गेला, जाऊन आणायचा. भिंतीआड, बघ्यांच्या नाकासमोर, ते परवडणारं नव्हतं. आता लांबी-रुंदी पाहा. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकीचं मैदान आज २०० बाय ८५ फुटांचं असतं. व्हिक्टोरियाच्या मापाशी ताडून बघा, फरक किती उरतो! आणि गॅसचे दिवे होते म्हणूनच दिवसभराची कामं उरकलेल्या माणसांना रात्रीचा खेळ पाहता आला.

कुणी म्हणेल, हॉकी त्याआधीही होतीच की. होती, नाकारतो कोण? नोव्हा स्कोशियाच्या तळ्यांवर पोरं खेळत होती, क्रायटन स्वतः तिथल्याच हॅलिफॅक्सचे. पण दही लावताना काय होतं ते आठवा. दूध घरचं, विरजण शेजारून वाटीभर आणलेलं. तरी दह्याचा गोळा ज्या भांड्यात लागतो त्याच भांड्याचा आकार घेतो. तळ्यावरचा खेळ हे दूध, क्रायटन यांनी विरजण आणलं, भांडं मात्र ड्रमंड स्ट्रीटचं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ही रिंक हॉकीसाठी बांधलेलीच नव्हती, ती स्केटिंगच्या हौशी मंडळींची. खरं आहे. त्या पहिल्याच रात्री सामन्यानंतर बर्फ कुणाचा यावरून हाणामारी झाली, बाकं मोडली, असं किंग्स्टनच्या वर्तमानपत्राने छापलं. पण माझ्या मते हा पुरावा उलट माझ्याच बाजूचा. तळ्यावर अंधार पडेपर्यंत खेळता येतं. इथे बर्फाला दुसरे दावेदार होते, तेव्हा खेळाला वेळेचं बंधन आलं. भांडं दह्यासाठी घडवलेलं नसलं म्हणून दही बिघडतं का?

१८९४ मध्ये स्टॅनले चषकाचे पहिले निर्णायक सामनेही इथेच झाले. खास हॉकीसाठी उभारलेला वेस्टमाउंटचा अरीना १८९८चा, म्हणजे भांड्यावरून बेतलेलं दुसरं भांडं. त्याबद्दल खूप सांगायचं होतं, पण समोरचं घड्याळ डोळे वटारतंय. व्हिक्टोरिया रिंक आता नाही. पुढे त्या जागी मोटारींचं गॅरेज आलं.