वरणात डाळ किती?



अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नासाठी वापरणार आहे. कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ यांचं प्रमाण आपण आहारतज्ज्ञ रोज समजावून सांगतो. ते रुग्णाच्या घरच्या पातेल्यापर्यंत पोचतं का? माझ्या मते पोचत नाही, कारण आपण टक्क्यांत बोलतो आणि घरातली बाई वाटीने मोजते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाच्या २००० किलोकॅलरींसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. शिवाय भाज्या, फळं, दूध, दाणे. धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत असावी, असं संस्था सांगते. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते.

आता पातेल्यात डोकावू. चौघांच्या घरात ८० ग्रॅम तूरडाळीचं वरण होतं, असं धरा. माणशी आली २० ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांचं १२० ग्रॅम पीठ धरलं, तर त्यातून बारा ग्रॅम येतील. उरलेली कुठून आणायची? सकाळचे पोहे आणि रात्रीचा भात ती भर पुरेशी घालत नाहीत. वरण पिवळंधमक दिसतं, फोडणीचा वास घरभर सुटतो, म्हणून डाळ खाल्ली असं सगळ्यांना वाटतं. वास्तविक वाटीत बरंचसं पाणीच असतं.

उपासाचं ताट तर याहून एकांगी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. आणि खर्च वाचवायचा तर हात आखडतो तोही कुटावरच. उपास सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. श्रद्धेच्या आड येऊन आहार सुधारत नाही. कूट सढळ हाताने घाला, सोबत वाटीभर दही घ्या, कधी राजगिऱ्याची भाकरी करा, एवढं सांगितलं तर लोक ऐकतात.

इथे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण काढायलाच हवी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला. जगभर प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी सुरू होती, तेव्हा त्यांनी ठामपणे मांडलं की गरिबाची मुख्य उणीव पोटभर अन्नाची आहे. ऊर्जाच अपुरी पडली, तर शरीर प्रथिनंही इंधन म्हणून जाळतं. धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं, तर प्रथिनांचा प्रश्न बराचसा सुटतो. ज्वारीत लायसिन कमी, ते डाळ देते. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी देते. भाकरी-पिठल्याची जोडी म्हणूनच अस्सल आहे.

सुखात्म्यांचा हा विचार उसाच्या फडात राबणाऱ्या जोडप्याला आजही लागू पडतो. त्यांची भाकरी कमी करायला सांगणं हा अन्याय होईल. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं गणित उलटं झालं आहे: ऊर्जा भरपूर, डाळ तोकडी. त्यात आपली शरीरं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने बरीच हलकी होती, स्नायू कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. रक्तातली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते जन्मापासूनच कमी असले आणि ताट भाताने भरलेलं असलं, तर मधुमेहाला वाट मोकळी होते. स्नायू टिकवायला प्रथिनं हवीत, तसे कष्टही हवेत. नुसती प्रोटीन पावडर विकत घेऊन ते साधत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. अनेक घरांत बाई शेवटी जेवते. ऐनवेळी पाहुणा आला की वरणात पाणी वाढतं, आणि ते पातळ वरण तिच्या वाट्याला येतं. अंडी असतील तर ती मुलग्यांना. ती भात जास्त घेऊन पोट भरते. मग पाय दुखतात, दम लागतो म्हणून आपल्याकडे येते आणि आपण तिच्या हातात सगळ्या घराचा आहारतक्ता ठेवतो. तिला विचारा, ‘ताई, तुम्ही जेवायला बसता तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं?’ जमलं तर नवऱ्याला आणि सासूबाईंनाही समोर बसवून बोला.

माझी मागणी साधी आहे. यापुढे आपल्या प्रत्येक तक्त्यात कच्च्या डाळीचं वजन माणशी लिहिलेलं असावं, आणि तपासणीच्या खोलीत एक वाटी, एक पळी आणि छोटा वजनकाटा असावा. रुग्णासमोर डाळ मोजून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

अर्थात हे निरोगी माणसाचं झालं. पहिलं सत्र मूत्रपिंडाच्या विकारातल्या आहारावर आहे. तिथे हीच डाळ बेताने द्यावी लागते आणि मोजमाप अधिकच काटेकोर हवं. त्या सत्राच्या वक्त्यांना मी आता व्यासपीठावर येण्याची विनंती करते.