गणिताची पारख आणि कॉलेजाचा उंबरठा

(जुबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



जुबिलीच्या आनंदांत गणितासारखा रुक्ष विषय आम्ही कां काढावा, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. पॅरिशच्या इतिहासाविषयीं इतर वक्ते बोलणारच आहेत. आम्हांस बोलावयाचें आहे तें शाळा सोडून कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या मुलांविषयीं. त्या उंबरठ्यावर पुष्कळ मुलें अडखळतात, आणि अडखळविणारा दगड बहुधा गणिताचा असतो.

मूल कोणत्या वर्गास योग्य आहे हें आधीं पारखून पाहण्याची रीत नवी नव्हे. येशूसंघाच्या १५९९ सालच्या शिक्षणनियमावलींत, नव्या विद्यार्थ्याची परीक्षा घेऊन त्यास योग्य त्या वर्गांत बसवावें, असा नियम आहे. त्यांत मुलास परत पाठविण्यापेक्षां त्याची जागा शोधण्याकडे लक्ष अधिक होतें. पारखीचा हा हेतु सुटला म्हणजे काय होतें, तें अमेरिकेच्या अनुभवावरून दिसून येतें.

तेथें बारावी झालेलीं लक्षावधि मुलें ‘कम्युनिटी कॉलेज’ नांवाच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत जातात. एकट्या कॅलिफोर्नियांत अशीं ११६ कॉलेजें आहेत. कित्येक वर्षें तेथें रिवाज असा होता, कीं प्रवेशाच्या वेळीं संगणकावर गणिताची एक चाचणी घ्यावयाची आणि त्या एका बैठकीवरून मुलाचा वर्ग ठरवावयाचा. कमी गुण पडले कीं मूल पूर्वतयारीच्या वर्गांत. हे वर्ग कधीं एक, कधीं तीन. फी द्यावयाची, वेळ घालवावयाचा, पण पदवीच्या हिशेबांत तें शिक्षण जमा धरलें जात नसे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत आढळलें, कीं गणिताच्या अशा वर्गांकडे धाडलेल्यांपैकीं सुमारें एकतृतीयांशच ते सर्व वर्ग पुरे करीत. कित्येकांनीं पहिल्या वर्गांत नांवहि घातलें नाहीं. ते मुकाट्यानें घरीं गेले. पुढें २०१२ सालीं कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं गणितांत चौघांपैकीं सुमारें एकाची नेमणूक अगदीं चुकीच्या वर्गांत होत होती. त्यांतहि पात्र मुलास खालीं बसविण्याची चूक अधिक. शाळेंतील तीन-चार वर्षांचे गुण त्या एका बैठकीपेक्षां खरें सांगत होते.

अखेर २०१७ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा केला, आणि २०१९ च्या शरद सत्रापर्यंत तो तेथील सर्व कॉलेजांस लागू झाला. मुलाचें शाळेंतील काम पाहूनच त्याचा वर्ग ठरवावा, असा त्याचा आशय. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठांतील एका प्रयोगांतहि असेंच दिसून आलें. बीजगणितांत कच्चीं ठरलेलीं मुलें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं वेगवेगळ्या वर्गांत वांटलीं. नुसत्या पूर्वतयारीच्या वर्गांतील सुमारें ३९ टक्के उत्तीर्ण झालीं; ज्यांस थेट कॉलेजाच्या संख्याशास्त्रांत बसवून जोडीला शिकवणी दिली, त्यांतील सुमारें ५६ टक्के उत्तीर्ण झालीं.

तर मग चाचणीच नको, असें कोणी म्हणेल. थांबा. गोष्टीला दुसरी बाजू आहे.

त्याच कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील विद्यापीठ नांवाजलेलें आहे. २०२० पासून त्या विद्यापीठसमूहानें प्रवेशासाठीं सर्वसामान्य परीक्षेची सक्ती उठविली, आणि शाळेच्या गुणांवर भिस्त वाढली. २०२५ च्या नोव्हेंबरांत तेथील प्राध्यापकांच्या समितीनें अहवाल दिला, कीं ज्यांचें गणित हायस्कुलाच्याहि खालचें आहे अशा नव्या विद्यार्थ्यांची संख्या पांच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली. महामारींत शाळा बंद पडल्या, हेंहि त्याचें एक कारण सांगितलें आहे. पण मन अस्वस्थ होतें तें दुसऱ्याच गोष्टीनें: यांतील कित्येकांस शाळेंत गणितांत सर्वोच्च श्रेणी मिळालेली होती! अशा वर्गास ‘७ + २ = __ + ६’ ही रिकामी जागा भरावयास दिली असतां चौघांपैकीं सुमारें एकास ती भरतां आली नाहीं. उत्तर आहे ३. अशा प्रश्नांत मुलें पुष्कळदां ९ लिहितात. कारण ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ ‘आतां उत्तर लिही’ असा त्यांनीं धरलेला असतो. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ त्यांस कोणी सांगितलेलाच नसतो, किंवा सांगून कोणी तपासलेला नसतो.

म्हणजे एका तासाची चाचणी फसवते, आणि गुणपत्रिकाहि फसवते. आमच्या मतें दोष चाचणीपेक्षां तिच्या वेळेचा अधिक आहे. ओहायो राज्यांतील विद्यापीठाच्या गणितज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही गोष्ट ओळखली होती. त्यांनीं चाचणी कॉलेजाच्या दारांत न घेतां हायस्कुलाच्या शेवटून दुसऱ्या वर्षींच घेतली, आणि आज कॉलेजांत गेलास तर कोणत्या वर्गांत बसशील, तें मुलास कळविलें. दुरुस्तीस एक वर्ष हातीं राहिलें. असें साधें शहाणपण सर्वत्र कां पसरलें नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां आपल्या घराकडे पाहूं. दहावीचे टक्के लागले कीं पेढे वांटावयाचे आणि शाखा ठरवावयाची, ही आपली चाल. अकरावीस गणित घेणाऱ्या मुलाचा अपूर्णांकांवर, ऋण संख्यांवर, समीकरणांवर खरोखर हात बसला आहे कीं नाहीं, हें त्या वेळीं कोणी पाहत नाहीं. पहिल्या सत्रांत तें कळतें. तोंवर फी भरलेली असते, आणि मूल आपणांस बुद्धीच नाहीं असें समजूं लागतें.

यास्तव पालकांस आमची विनंती अशी. नववीच्या सुटींत एकदां, आणि दहावीची परीक्षा मार्चांत संपल्यावर पुन्हां एकदां, मुलास शांतपणें तासभर बसवा. आठवी-नववीच्या पुस्तकांतील वीस उदाहरणें द्या. शेजारीं शिकवणीचे मास्तर नकोत, हातीं मोबाईल नको. गुण शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगूं नका, व उदाहरण चुकल्यास रागावूं नका. कोठें चुकलें एवढेंच पाहा. सारीं चुकलेलीं उदाहरणें बहुधा एकाच जागेवरून निघालेलीं असतात. ज्या आईबापांस स्वतःस गणित येत नाहीं, त्यांनीं संकोच धरूं नये. आपल्या पॅरिशमध्यें निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. रविवारीं मिस्सानंतर तो कागद आमच्याकडे आणून द्यावा, आम्ही त्यांच्याकडून तपासून घेऊं. कागदावर मुलाचें नांव नसलें तरी चालेल.