कागदाच्या गिरणीचें येणें



शाळेंत असतांना जून महिना उजाडला कीं मुलांच्या नव्या वह्यांचा वास वर्गभर दरवळे. त्या वह्यांचा कागद गिरणींतून केव्हां निघाला आणि त्याचे पैसे गिरणीच्या हातीं केव्हां पडले, हा प्रश्न मात्र निवृत्त होईपर्यंत मला कधीं सुचला नाहीं. निवृत्तीच्या रकमेंतून एका कागद-गिरणीचे थोडे भाग घेतले, तिचा वार्षिक अहवाल घरीं येऊं लागला, आणि मग कोडें पडलें. एका वर्षीं नफा वाढला होता, आणि लाभांश मात्र शून्य!

उत्तर ताळेबंदाच्या एकाच ओळींत होतें. माल विकला गेला, बीजक झालें, पण पैसा अद्याप यावयाचा आहे, अशा रकमेची ती ओळ. आपल्या जुन्या भाषेंत, येणें.

कागदाचा धंदा मोठा उधारीचा. वह्या बांधणारा कारखानदार माघ-फाल्गुनापासून कागद उचलूं लागतो. वह्या खपतात शाळा उघडतांना. मग दुकानदाराकडून त्याला, त्याच्याकडून घाऊक व्यापाऱ्याला आणि व्यापाऱ्याकडून गिरणीला, असा पैसा उलट्या वाटेनें, रमतगमत येतो. हिशेबाचें वर्ष मात्र ३१ मार्चला, म्हणजे ऐन उधारीच्या भरांत संपतें. म्हणून मार्चचें येणें मागील मार्चशींच ताडून पाहावें, सप्टेंबरशीं नव्हे. कांहीं विक्रेते तर वर्षअखेर व्यापाऱ्याच्या गळ्यांत नको असलेला माल घालतात. विक्रीचा आकडा शोभिवंत होतो. पैसा येत नाहीं.

आतां थोडें गणित. शाळामास्तराची खोड जात नाहीं. समजा, एका गिरणीची वर्षाची विक्री ३६५ कोटींची, म्हणजे रोजची एक कोटीची. वर्षअखेर येणें ४० कोटि, म्हणजे ४० दिवसांची विक्री बाहेर अडकली. पुढील वर्षीं विक्री तेवढीच, पण येणें ७० कोटि. नफा २५ कोटि झाला, असें धरूं. घसारा वगैरे इतर बाबी बाजूस ठेवल्या, तर उधारींत ३० कोटि अधिक गुंतल्यामुळें तिजोरींत उलट ५ कोटि कमीच. लाकूड, कोळसा आणि मजुरी यांसाठीं मग कर्ज काढावें लागतें, आणि त्याचें व्याज पुढच्या नफ्यांतून जातें.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां ही सांखळी पहिल्याच कडीला तुटली. वह्या गोदामांत राहिल्या, आणि पैसाही.

गिरणीची आणखी एक अडचण आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणें लहान उत्पादकाचें देणें फार तर ४५ दिवसांत चुकवावें लागतें. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या नियमानें मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजाही मिळेना. हा नियम योग्यच आहे. परंतु मोठ्या गिरणीला स्वतःच्या वसुलीसाठीं त्याचा आधार नाहीं.

भागधारकाला मात्र एक चांगलें साधन मिळालें आहे. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीला येण्याचें वय सांगावें लागतें: सहा महिन्यांच्या आंतलें किती, वर्षाच्या आंतलें किती, असें करीत तीन वर्षांहून जुनें किती. कोणतें येणें वादांत आहे, तेंही निराळें दाखवावें लागतें. नफ्याच्या पानाआधीं मी आतां हा तक्ता उघडतों.

माझ्या गिरणीच्या तक्त्यांत शेवटच्या रकान्याचा आकडा लागोपाठ दोन वर्षें वाढला. वार्षिक सभेंत मीं विचारलें. ‘वसुलीचे प्रयत्न चालू आहेत,’ एवढेंच उत्तर मिळालें. कोणाकडून आणि किती, हें मीं पुन्हा लेखी विचारलें आहे. घरांतून भाग विकून टाकण्याचा आग्रह चालू आहे. पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.