पदकाची कड
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



लष्करात चाकरी केलेल्या आपल्या पूर्वजांची पदके व बिल्ले संस्थेच्या सभागृहात मांडावेत, असा ठराव गतवर्षी झाला. आणि आलेल्या वस्तू तपासून घेण्याचे काम आम्हांकडे सोपविण्यात आले. पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासणाऱ्यास जगातील दुसरी कोणतीही तपासणी जमेल, असा आमच्या चिटणीसांचा समज असावा. आम्ही तो मोडला नाही. भिंग, सोनाराचा काटा आणि व्हर्निअर कॅलिपर एवढी सामग्री जमवून बसलो. आलेल्या वस्तूंपैकी काही घरोघरी जिवापाड जपलेल्या होत्या, तर काही हौसेने जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या. खरे आणि खोटे दोहोंतही निघाले.

पदक हाती आले की आपण प्रथम राजाचे तोंड पाहतो. आमचीही तीच खोड होती. परंतु नकलाकार सर्वाधिक कष्ट घेतो ते त्या तोंडावरच. पाहावयाची ती पदकाची कड. पहिल्या महायुद्धाचे जे रौप्यपदक आपल्याकडील पुष्कळ घरांतून आढळते, त्याच्या एका अंगास पंचम जॉर्ज बादशहा असून दुसऱ्या अंगास घोड्यावर बसलेला नग्न पुरुष व १९१४ आणि १९१८ ही साले आहेत. व्यास सुमारे ३६ मिलिमीटर, चांदी सुमारे एक औंस. हे पदक देताना प्रत्येकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही इंग्रजी अक्षरांत ठोकून उमटविलेली असत. म्हणून ज्याची कड कोरी, त्याची विचारपूस अवश्य करावी. एक तर ती कानशीने घासलेली असेल, अथवा पदकच नकली असेल.

कित्येकदा जुने नाव घासून त्यावर दुसरे, अधिक भाव येणारे नाव घातलेले असते. पदक अस्सल, पण नाव खोटे, असा हा प्रकार. अशा वेळी कॅलिपर उपयोगी पडतो, कारण घासलेल्या पदकाचा व्यास केसभर का होईना कमी भरतो, आणि एका ठिकाणी मोजून न थांबता चहूकडून मोजल्यास तो सारखा येत नाही. ठोकलेली अक्षरे एका मापाची व एका खोलीची असतात. हाताने कोरलेल्या अक्षरांत कोरणीचा फरांटा भिंगाखाली दिसतो. अर्थात काही जुन्या मोहिमांच्या पदकांवर सरकारनेच कोरून नावे घातलेली आहेत. तेव्हा कोरलेले दिसले की खोटे ठरवावे, असा सरसकट नियम करता येत नाही.

ओतीव नक्कल ओळखणे त्या मानाने सोपे आहे. अस्सल पदक पोलादी ठशात दाबून काढतात. त्यामुळे त्याची जमीन नितळ आणि रेषा तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेत बारीक बारीक छिद्रे दिसतात, घोड्याची आयाळ व बादशहाची दाढी मेणासारखी गुळगुळीत होते, आणि साच्याची दोन पाळी जेथे मिळतात तेथे कडेवर शिवण राहते. शिवाय धातू निवताना आकसतो. म्हणून अस्सलावरून साचा घेऊन काढलेली नक्कल अस्सलापेक्षा किंचित लहान भरते.

फितीवर मात्र कोणी विसंबू नये. फिती झिजतात, उंदीर कुरतडतात, नव्या घातल्या जातात. नवी फीत असल्याने पदक खोटे ठरत नाही, आणि जुन्या फितीस नकली पदक अडकविणे हा तर डाव्या हाताचा मळ आहे.

बिल्ल्यांविषयी थोडे सांगतो. एका हौशी सभासदाने मराठा पलटणीचा म्हणून बिगुलाचा एक बिल्ला मोठ्या किमतीस घेतला होता. बिगुलाच्या माथ्यावर मुकुट होता, पण तो मध्ये दबलेल्या कमानींचा, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या अमदानीतला. राणी गादीवर आली १९५२ साली. आपले प्रजासत्ताक झाले २६ जानेवारी १९५० रोजी, आणि तेव्हापासून आपल्या सैन्याच्या चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मग राणीचा मुकुट मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर बसला केव्हा? भिंगही न लावता निकाल लागला. याउलट, ओबडधोबड ओतीव बिल्ला दिसला म्हणून त्यास नावे ठेवू नयेत. युद्धकाळात आपल्याकडील बाजारात ओतलेले बिल्लेही शिपायांनी खरोखर वापरले आहेत.

एका भगिनीने कांस्याची एक जड गोल ताटली आणली. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, वर ब्रिटानिया व सिंह. त्यांच्या घरी ती कित्येक वर्षे पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होती. हे पदक नव्हे. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांस ही ताटली दिली जात असे. हिच्यावर हुद्दा नसतो, केवळ नाव असते. अधिकाऱ्याची व शिपायाची ताटली एकसारखीच, आणि नावाची अक्षरे उठावाची. ती खोलगट कोरलेली आढळली, तर मूळ नाव घासले गेले असे समजावे. या भगिनीच्या ताटलीवरील अक्षरे उठावाची होती व नाव त्यांच्या पणजोबांचेच होते. स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी हा मरण पावला, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तिच्या काठाने आहेत. परतंत्र देशातील खेड्यात ते शब्द कोणी वाचले असतील, देव जाणे! पिठाचे झाकण आता बदलले आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. दुसऱ्यांच्या वस्तूंस खोटे म्हणणाऱ्याने ती लपवून ठेवणे बरे नव्हे.

आमच्या आजोबांची दोन पदके आमच्या देव्हाऱ्यात आहेत. एक रौप्य आणि एक कांस्याचे विजयपदक. हे विजयपदक सरकारने एकटे कोणास दिलेले नाही. ज्यास ते मिळाले त्यास रौप्यपदकही मिळालेच. दरवर्षी दसऱ्यास दोन्ही चिंचेने घासून त्यांची पूजा होत असे. (चिंच, राख, पितळेची पावडर यांपैकी काहीही पदकास लावू नका. घासून घासून आपणच नाव पुसून टाकतो.) आजोबा बसऱ्याच्या लढाईस गेले होते, एवढेच आम्हांस ठाऊक होते. प्रथमच भिंग लावून विजयपदकाची कड वाचली. क्रमांक निघाला, सिपाही हा हुद्दा निघाला, आजोबांचे नाव इंग्रजाने जमेल तसे लिहिलेले निघाले, आणि पलटण निघाली ११७ मराठा. ही पलटण कुत-अल्-अमाराच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तेथील फौजेने घोडी खाऊन दिवस काढले व अखेरीस तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. आजोबा त्या वेढ्यात होते, की मागाहून भरतीत गेले, हे कड सांगत नाही. त्यांना कोणी विचारले नाही, आणि ते बोलले नाहीत.

मग रौप्यपदक उचलले. कड कोरी! कानशीचे ओरखडे, जमिनीवर छिद्रे, व्यास कमी, आणि काट्यावर वजनही चांदीचे नव्हे. ज्यापुढे लहानपणापासून हात जोडले ते पदक जर्मन सिल्व्हरचे होते.

आम्ही चुलत्यांकडे गेलो. त्यांचे वय ऐंशीच्या वर आहे. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. १९८० सालच्या आरंभी चांदीचा भाव गगनास भिडला होता. अमेरिकेतील हंट बंधूंनी चांदीचे साठे करून सर्व जगात तो चढविला होता, आणि विलायतेतही अशी हजारो पदके तेव्हा वितळली. आमच्या चुलत्यांना हंट बंधू ठाऊक नव्हते. घरात पैसा नव्हता आणि पुतण्याच्या अध्यापक विद्यालयाच्या खानावळीचे तीन महिन्यांचे देणे थकले होते, एवढेच त्यांना ठाऊक होते. आजीला कळू नये म्हणून त्यांनी पदक मोडण्यापूर्वी ओतारी गाठला, अस्सलावरून साचा घेववून नक्कल पाडून घेतली, आणि शिवण दिसू नये म्हणून ओताऱ्याने कड कानशीने साफ केली. त्या कानशीखाली आजोबांच्या नावाचा जो काही ठसा साच्यात उतरला असेल तोही गेला. तो पुतण्या म्हणजे आम्हीच.

"ते आता देव्हाऱ्यातून काढायचं का रे?" चुलत्यांनी विचारले.

आम्ही नको म्हणालो. ते तेथेच आहे. सभागृहातील काचेच्या पेटीत आमच्या घरचे विजयपदक मात्र एकटेच ठेवले आहे. दुसरे कोठे आहे असे जाणकार पाहुणा विचारील, म्हणून शेजारी चिठ्ठी लावली आहे : रौप्यपदक १९८० साली पुतण्याच्या शिक्षणासाठी मोडले.